पडता कामा नये

नव्या मॅडम आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी खाटांवरचे तक्ते उतरवले.

त्या वृद्धाश्रमात प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक तक्ता लटकत असे. आंघोळ, चादर, कूस बदलणे, जेवण, औषध, पाय चोळणे. एकेक काम झालं की आयांनी त्यापुढे खूण करायची. प्रत्यक्षात व्हायचं असं, की सकाळचा चहा पिता पिता सगळ्या खुणा एका दमात उरकल्या जायच्या आणि मग दिवसभर त्या खुणांना जागून जमेल तेवढं काम व्हायचं. एकेकाळी बँडमध्ये कर्णा वाजवणारे एक आजोबा तर आंघोळीची खूण झाल्यावरही दुपारपर्यंत पारोसे पडून असत. आंघोळ राहिली तर चालायचं, खूण राहून चालायचं नाही.

मॅडमनी सगळ्या आयांना जेवणघरात गोळा केलं. त्या स्वतः कधीकाळी नर्स होत्या, त्यामुळे त्यांच्यापुढे थापा मारायची सोय नव्हती. त्या म्हणाल्या, "उद्यापासून दिवसभर काय काय केलं ते मला कोणी सांगायचं नाही. किती चादरी बदलल्या, किती चमचे भरवले, मला नको. त्यातून झालं काय, तेवढं सांगायचं. प्रत्येक खाटेवर पाटी लावून मी एकच ओळ लिहीन, या माणसाचं काय व्हायला हवं त्याची. ते कसं करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्हाला डोकं आहे, ते वापरा."

"म्हणजे आपल्या सासूबाईच की," धाकटी मोठीच्या कानाला लागली. "फक्त दात शाबूत असलेल्या."

मोठीने तिला कोपर मारलं, पण हसू तिलाही आवरेना.

मोठी आणि धाकटी या जावा. सख्ख्या भावांच्या बायका, एका घरात, एका चुलीवर, आणि आता एकाच नोकरीत. त्यांची खरी नावं घरात कोणी घेत नसे, मग आश्रमात कोण घेणार? मोठी पुरुषांच्या बाजूला, धाकटी बायकांच्या बाजूला आणि मधे लांबलचक व्हरांडा. धाकटी म्हणायची, "हा व्हरांडा आहे म्हणून आमचं पटतं."

सासूबाईंनी मात्र खरोखरच आयुष्यात कधी कामाचा हिशेब मागितला नव्हता. "किती राबलीस ते सांगू नकोस, निपजलं काय ते दाखव," ही त्यांची रीत. धाकटीला दोन मुलगे झाले. मोठीला काहीच नाही. लग्न होऊन केस पिकायला आले, पण घरातल्या तिच्या पाटीवर अजून तीच एक ओळ होती आणि ओळीपुढे कोरी जागा. तिने सगळ्यांची आजारपणं काढली, दिराची पोरं न्हाऊमाखू घातली, सासूबाईंच्या पाठीला तेल चोळून चोळून तळहाताच्या रेषा गुळगुळीत झाल्या. पण ती झाली नुसती कामं. कामांचं त्या घरात कौतुक नव्हतं.

म्हणून मॅडमचं बोलणं ऐकून बाकीच्या आयांची तोंडं वाकडी झाली तरी मोठीला मनातून बरं वाटलं. इथे निदान हाताने घडवता येईल असं काही मागत होते.

कर्णेवाल्या आजोबांच्या खाटेवर ओळ आली, 'पाठीची जखम भरून यावी.' झोपून झोपून पडलेली ती जखम कितीतरी दिवस मलमपट्ट्या खात होती. मोठीने तक्त्यातल्यासारखं दर थोड्या वेळाने त्यांना उलटंपालटं करणं सोडलं, कारण ते रागाने पुन्हा उताणे व्हायचे. तिने त्यांची खाटच फिरवली. आता खिडकी त्यांच्या कुशीकडे आली आणि खिडकीसमोर शाळेचं फाटक. मुलं सुटायची वेळ झाली की आजोबा आपले आपण कुशीवर वळायचे. जखम भरली. मॅडमनी सगळ्यांदेखत मोठीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मला हे हवं होतं."

त्या संध्याकाळी मोठीने घरी कोणाला काही सांगितलं नाही, फक्त भांडी घासताना गुणगुणली. सासूबाईंनी विचारलं, "हिला काय झालं?"

"काही नाही. पहिला नंबर आलाय," धाकटी म्हणाली.

मग लाइनवाले काका मोठीच्या वाट्याला आले.

लाइनवाले काका रेल्वेत होते. गाडीत नव्हे, गाडीच्या वाटेवर. उभी हयात हातोडा खांद्यावर टाकून रुळांच्या कडेने चालायचं, रुळाची ढिली झालेली चावी, म्हणजे लोखंडी पाचर, ठोकून घट्ट करायची आणि रुळाला तडा दिसला तर लाल झेंडा रोवून गाडी थांबवायची. रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाय टाकायची सवय इतकी भिनलेली, की आश्रमाच्या सपाट फरशीवरही ते तेवढ्याच अंतराने, ठाम पावलं टाकत चालायचे. धाकटी म्हणायची, "काका, मागून गाडी येत नाहीये, आरामात चाला." ते म्हणायचे, "गाडी कधी सांगून येते का?"

त्यांची बायको त्याच आश्रमात, व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला, बायकांच्या बाजूच्या शेवटच्या खोलीत. काकूंची आठवण पार धुऊन निघाली होती. पोटची लेक भेटायला आली तर तिला विचारायच्या, "तुम्ही कुणाच्या?" एकच गोष्ट आत कुठेतरी शिल्लक राहिली होती. रुळांशेजारच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांनी सगळा संसार केला आणि नवरा लाइनवरून धडधाकट परत आलेला दिसेपर्यंत कधी घास तोंडात घातला नाही. दारात बसून वाट बघायची, तो चालत येताना दिसला की उठून पानं घ्यायची. त्या लाइनवर गेलेली काही माणसं परत न आल्याचं त्यांनी पाहिलं होतं, हे काकांनीच मोठीला सांगितलं होतं.

आताही जेवणाची वेळ झाली की काकू हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून बसायच्या. कोणी चमचा पुढे केला तर मान फिरवायच्या. मग व्हरांड्यात काका दिसायचे. काकू केस सारखे करायच्या, "आले" म्हणायच्या आणि तोंड उघडायच्या. काका खाटेशेजारी बसून जेवायचे, धाकटी काकूंना भरवायची. दोन्ही वेळा हाच परिपाठ.

या व्हरांड्यात काका दोनदा पडले होते. दोन जुन्या इमारती जोडून तो केलेला. जोडाच्या जागी थोडा उतार आणि वर लोखंडी पट्टी. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडले तर खुबा जाईल, आणि या वयात खुबा गेला की माणूस गेलाच. म्हणून काकांच्या खाटेवर ओळ आली, 'पडता कामा नये.' आणि पलीकडे काकूंच्या खाटेवर, 'वजन वाढावं.' एकाच हाताने, एकाच पेनाने लिहिलेल्या दोन ओळी. दोन्ही बरोबर. फक्त त्या एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या.

सुरुवातीला मोठी काकांच्या बगलेत हात घालून त्यांच्याबरोबर चालायची. जायला वेळ, यायला वेळ, मधे बाकीच्या खाटांवरून हाका. एका दुपारी ते पट्टीपाशी पोचले आणि मागून कर्णेवाले आजोबा ओरडले. कर्ण्याची छाती ती, आवाज साऱ्या इमारतीत घुमला. मोठीने मान वळवली. तेवढ्यात काका कोसळले. खुबा वाचला, कपाळाला टाके पडले.

मोठी धावत मॅडमकडे गेली. "मी धरलं होतं हो त्यांना. सबंध वाट धरलं होतं, तेवढी एक हाक आली म्हणून..."

मॅडम चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मावशी, धरलं होतं का, हे मी विचारत नाही. पडले का?"

"पडले."

"बस. तेवढंच मला कळायला हवं."

शिव्या दिल्या असत्या तर मोठी रडून मोकळी झाली असती. हे बोलणं तिने आधी ऐकलेलं होतं. दवाखान्यातून ती दुसऱ्यांदा रिकाम्या ओटीने परत आली तेव्हा सासूबाईंनी दारातच विचारलं होतं, "राहिलं नाही ना?" जपलं होतंस का, असं विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मोठीने ठरवलं, हा माणूस आता पडणार नाही म्हणजे नाही.

पाहुण्यांच्या खोलीत एक खोल आरामखुर्ची होती. तिच्यात बसलं की गुडघे नाकाशी यायचे आणि उठायला दोन माणसं लागायची. पाहुणे लवकर जावेत म्हणून ठेवलीय, असं आया म्हणत. मोठीने ती ओढत आणून काकांच्या खाटेशेजारी ठेवली. काकांना तिच्यात बसवलं आणि जेवणाचं चाकांचं टेबल त्यांच्या पोटाशी सरकवून चाकांचे खटके दाबले. तरी पहिल्या दिवशी काकांनी टेबल ढकलायचा खटाटोप केलाच. मग तिला कल्पना सुचली. तिने एक लाल नॅपकिन टेबलाच्या कडेला बांधला.

"हे काय गं पोरी?"

"झेंडा लावलाय काका. पुढे तडा आहे."

"कुठे?"

"तुमच्या खुब्यात. डॉक्टरांना दिसलाय."

काका खो खो हसले. "मग गाडी थांबलीच पाहिजे."

थट्टाच होती ती. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी काकांनी टेबलाला हात लावला, त्यांची नजर त्या लाल कापडावर गेली आणि हात आपोआप मागे आला. जन्मभर लाल दिसल्यावर पुढे पाऊल टाकलं नव्हतं. हाताला थट्टा कुठून कळणार? मोठीने ते पाहिलं आणि तिला भरून पावल्यासारखं झालं. मग ती आणखी एक करू लागली. पाय चोळता चोळता गोष्टी सांगायची. अमके आजोबा कसे पडले, तमक्या आजी न्हाणीत कशा घसरल्या, मग भिंतीकडे तोंड करून कशा झोपल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत. काका गंभीरपणे ऐकायचे. काही दिवसांनी तेच तिला सांगू लागले, "टेबल नीट लाव गं. खटका बसला का बघ."

जेवायच्या वेळी ती त्यांना चाकाच्या खुर्चीतून काकूंकडे न्यायची. काकांवर तिने अन्याय केला असं कोणी म्हणू शकलं नसतं. पण पहिल्याच दिवशी काकूंनी खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं आणि धाकटीला म्हणाल्या, "यांना जरा बाजूला बसवा. आमचे हे यायचेत."

"अगं, मीच आलोय," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "तुमचं फार दुखतंय का हो?"

ड्यूटीवरून परतलेला माणूस चालत येतो. ढकलत आणलेला असला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी नवरा, हे काकूंचं गणित. काका पुन्हा पुन्हा गेले. मग एक दिवस खुर्चीत बसायला नको म्हणाले. "कशाला उगाच? परक्या माणसासमोर तिला ताटकळावं लागतं."

काकूंचे ओठ मिटले ते मिटलेच. धाकटीने सगळे उपाय केले. गाणी म्हटली, खोटं बोलली, हात जोडले, रागावली. एकदा तर माळ्याची टोपी घालून व्हरांड्यातून पाय आपटत आली; काकूंनी तिला विचारलं, "तुला बरं नाही का?" काट्यावर काकूंचं वजन उतरतच होतं.

मग घरच्या चुलीपाशी वादाला तोंड फुटलं.

"जाऊबाई, तुमचा म्हातारा पाठवा माझ्याकडे. चालत."

"आणि पडला म्हणजे?"

"एवढी वर्षं चालतोय तो."

"आणि दोनदा पडला. माझ्या हातातून तिसऱ्यांदा. पुन्हा मी नाही ऐकून घेणार."

"तुमच्या निकालाचं खरकटं माझ्या ताटात पडतंय, ते दिसतंय का?"

मोठी भाजी चिरत होती. तिचा हात थांबला नाही. "तुझं काम तू बघ. तुला सगळं आजवर आपसूक मिळालंय, एकदा घाम गाळून बघ."

बोलून गेली आणि तिला जिभेवर गोड लागलं, हे तिचं तिला कळलं. धाकटीने ताट उचललं आणि बाहेर जाऊन एकटीच जेवली.

धाकटीने डोकं वापरलं. तिने डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली. आता वाट बघण्याचा प्रश्नच मिटला. पातळ केलेलं जेवण पिचकारीने नळीत सोडायचं. काकू नळी उपटायला बघायच्या म्हणून त्यांच्या दोन्ही हातांना कापडी पिशव्या बांधल्या. वजन चढू लागलं.

महिनाअखेरीला मॅडमनी पुन्हा सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. काका पडले नाहीत, काकूंचं वजन वाढलं. "दोघी जावांनी करून दाखवलं," मॅडम म्हणाल्या आणि टाळ्या झाल्या. मोठीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी टेबलावरचा चहाचा डाग नखाने खरवडत होती.

दोघी घरी निघाल्या. जावांचं बोलणं तुटलेलंच होतं. पण कोपऱ्यावर वळताना धाकटी स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, "आज पिचकारी संपल्यावर त्या मला काय म्हणाल्या माहितेय? म्हणाल्या, मी तर जेवले नाही, मग पोट कुणाचं भरलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागायच्या आधी मोठी व्हरांडा ओलांडून काकूंच्या खोलीत गेली. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. नाकाला चिकटपट्टी, हातांच्या जागी दोन पांढऱ्या पिशव्या. डोळे दाराकडे. एक पिशवी उचलून त्या सावकाश डोक्यावरून फिरवत होत्या. केस सारखे करत होत्या.

तिथून मोठी थेट मॅडमच्या खोलीत गेली.

"काकांची ओळ बदला."

मॅडमनी चष्मा काढला. "का? तुमची तर सगळ्यात चांगली चाललीय."

"तेच तर. ते पडत नाहीत, कारण त्यांना उठूच देत नाही मी. खुर्चीत रुतवून ठेवलंय. त्या तिकडे वाट बघतायत."

मॅडम म्हणाल्या, "माझे वडील पडूनच गेले, मावशी. मी ड्यूटीवर होते. म्हणून ती ओळ मी कुणाच्याही खाटेवर सगळ्यात आधी लिहिते." मग पेन उचलून त्यांनी विचारलं, "काय लिहू?"

"काकूंपर्यंत चालत जावेत."

"आणि पडले तर?"

"पडतील."

"लिहिते. पण मग तेच मी विचारणार. किती खटपट केली ते नाही, पोचले का ते विचारणार."

"विचारा," मोठी म्हणाली. तिला तेव्हा वाटलं, ही बाई आपल्याला वाटत होती त्यापेक्षा चांगली आहे. ते खोटंही नव्हतं.

मोठीने लाल नॅपकिन सोडला, टेबल दूर ढकललं आणि काकांसमोर उभी राहिली. "चला काका, लाइन मोकळी झाली."

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "कोणी तपासली?"

"मी सांगते ना."

"झेंडा काढला म्हणून रूळ सांधतो का? तडा तसाच आहे. टेबल आण."

तिने समजावलं. काकूंचं सांगितलं, नळीचं सांगितलं, पिशव्यांचंही सांगितलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात सुटले नाहीत. "मी पडलो तर भिंतीकडे तोंड करून झोपेन. तूच सांगितलंस." पाय चोळताना तिने इतके दिवस जे त्यांच्या हाडांत मुरवलं होतं, ते आता तिच्याच अंगावर उलटत होतं. आणि नुसतं मनाचंही नव्हतं. त्या पोटऱ्या, ज्यांनी मैलोगणती लाइन तुडवली होती, त्या आता तिच्या मुठीत मावत होत्या.

पाटी मात्र रोज डोक्याशी होती. 'काकूंपर्यंत चालत जावेत.' मॅडम फेरीला आल्या की वाचायच्या आणि मोठीकडे बघायच्या. एका दुपारी मोठीने काकांच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि त्यांना उपसून उभं केलं. "उठा. उठायलाच पाहिजे. किती दिवस असं चालायचं?" काका किंचाळले नाहीत, फक्त "नको गं, नको गं" म्हणत राहिले. तिने त्यांना एक पाऊल पुढे ओढलं. दुसरं ओढलं. मग तिच्या पायावर कोमट काहीतरी सांडलं. काकांना लघवी झाली होती. तिने खाली बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. भ्यालेलं तोंड होतं ते, आणि ती भीती तिनेच घातलेली होती.

तिने त्यांना सावकाश खाली बसवलं. फरशी पुसली, त्यांचे कपडे बदलले, पावडर लावली. "चुकलं माझं," असं काहीतरी ती पुटपुटली. काका म्हणाले, "टेबल."

तिने टेबल आणलं. पण खुर्ची बदलली. जेवणघरातली सरळ, लाकडी खुर्ची आणली. त्या दिवसापासून तिने पाटीकडे बघणं सोडलं आणि काकांना चालायला सांगणंही. पाय चोळायची, घोटे फिरवायची, गुडघे दुमडायची, सोडायची. गोष्टी सांगणं बंद केलं. काकांनाच रुळांच्या गोष्टी विचारायची. टेबलाला धरून ते कधी कधी, गोष्टीच्या भरात, अर्धे उठायचे. ती बघितलं न बघितलंसं करायची. एकदा तर गाडी कशी थोडक्यात चुकली हे दाखवताना ते उभेच राहिले आणि आपण उभे आहोत हे कळल्यावर मटकन बसले. मॅडमनी फेरीत विचारलं, "पोचले का?" मोठी म्हणाली, "नाही." तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते म्हणणं सोपं होतं.

आणि अशात एका सकाळी काकू गेल्या. नळीतलं जेवण उलटून छातीत गेलं. दोन दिवस ताप, मग धाप, मग काही नाही. धाकटी व्हरांडा ओलांडून मोठीला सांगायला आली तेव्हा तिच्या हातात त्या दोन कापडी पिशव्या होत्या. "वजन हवं तेवढं झालं होतं," ती म्हणाली. तिच्या तोंडी असं वाक्य एरवी थट्टेचं असतं. ही थट्टा नव्हती. मोठीने तिचा हात धरला. बऱ्याच दिवसांनी धरला.

काकांना सांगावं लागलं. त्यांनी मोठीला विचारलं, "जेवली होती का?"

"नाही," मोठी म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं असतं, पण बोलली नाही.

चाकाची खुर्ची आली. दोघी जावा त्यांना घेऊन व्हरांड्यातून निघाल्या. पट्टीवर चाकं खडखडली. काकूंच्या खोलीच्या दारात मॅडम उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या. काकांनी हात वर केला.

"थांबवा. मला उतरवा इथे."

"काका..."

"ढकलत नको नेऊ. ती ओळखायची नाही."

आता ओळखण्याचा प्रश्न उरला नव्हता, पण ते कोणी त्यांना सांगितलं नाही. मोठीने एका बगलेत हात घातला, धाकटीने दुसऱ्या. काका उभे राहिले. दारापासून खाटेपर्यंत म्हणजे फार अंतर नव्हतं. पाय जमिनीला लागत होते, पण अंगाचा भार सगळा दोघींच्या खांद्यांवर. तरी प्रत्येक पाऊल त्यांनी नेमक्या त्याच अंतरावर टाकायचा प्रयत्न केला. धाकटीचा दम लागलेला ऐकू येत होता. तिघं खाटेपाशी पोचले.

काकूंच्या नाकातली नळी काढलेली होती. चिकटपट्टीची जागा तेवढी लाल दिसत होती. काका बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात पुढे करायला बघितलं. पण तो हात मोठीने काखेत घट्ट धरलेला होता आणि डावा धाकटीने. त्यांनी एकदा उजव्या हाताकडे पाहिलं, एकदा मोठीकडे पाहिलं.

"सोड गं," ते म्हणाले.

"मावशी, सोडू नका," दारातून मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज हुकमाचा नव्हता. घाबरलेल्या मुलीसारखा होता.

मोठीने सोडला.

काकांनी हात काकूंच्या डोक्यावर ठेवला आणि केस मागे सारले. एकदा, मग पुन्हा एकदा. मग ते धाकटीच्या हातून निसटले आणि खाटेच्या कडेला घासत, चादरीचा एक कोपरा मुठीत धरून, खाली फरशीवर गेले. मोठा आवाज झाला नाही. मॅडम एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या.

"पडले," मोठी म्हणाली. मॅडमनी काही विचारलं नव्हतं.

ती त्यांना उचलायला वाकली नाही. त्यांच्या शेजारी फरशीवरच बसली, पाय पसरून, पाठ खाटेच्या लोखंडाला टेकवून. काकांचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. ते कण्हत होते. कुठे लागलंय, किती लागलंय, ते कळणारच होतं थोड्या वेळात. चादरीचा कोपरा त्यांनी सोडला नाही.

धाकटी दोघांकडे बघत उभी राहिली. तिने नाक पुसलं.

"अहो जाऊबाई," ती म्हणाली, "त्यांना एकवेळ मी उचलेन. तुम्हाला कोण उचलणार?"

"बस गं तूपण," मोठी म्हणाली. "बस जरा."